मनाच्या आजारात योगाची जागा

परळचे केईएम म्हणजे गिरणगावाच्या मधोमध उभे असलेले महापालिकेचे रुग्णालय. साठच्या दशकात तिथल्या मानसोपचार विभागाची धुरा डॉ. एन. एस. वाहिया यांच्याकडे होती. छातीत धडधडते पण हृदय ठणठणीत निघते, पोट सतत बिघडते पण तपासणीत काहीच सापडत नाही, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, कारण नसताना जीव घाबरा होतो, अशा तक्रारी मानसोपचाराच्या ओपीडीत नेहमीच्याच. वाहियांनी अशा रुग्णांसाठी पतंजलींच्या योगसूत्रांकडे पाहिले. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान या पाच पायऱ्या घेऊन त्यांनी रोजच्या सरावाची एक उपचारपद्धती बांधली. तिला ‘सायकोफिजिऑलॉजिकल थेरपी’ असे रुक्ष वैद्यकीय नाव दिले आणि निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापले. १९६६ साली ते ब्रिटिश मानसोपचार नियतकालिकात आले, १९७३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारविषयक नियतकालिकात. या दुसऱ्या लेखाच्या लेखकांत दिलीप जेस्ते हे तरुण मराठी डॉक्टर होते. हेच जेस्ते २०१२ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

या प्रयोगातली खरी हुशारी तुलनेच्या गटात होती. एका गटाला पाचही पायऱ्या शिकवल्या गेल्या. दुसऱ्या गटाने वरवर तशाच दिसणाऱ्या हालचाली केल्या, श्वासाचे व्यायामही केले, पण मन एका जागी आणण्याचा भाग त्यांच्या वाट्याला आला नाही. दोन्ही गट रुग्णालयात येत होते, दोन्हींकडे डॉक्टर आणि शिक्षक लक्ष देत होते. पूर्ण पद्धती शिकलेल्यांची चिंता दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरली.

म्हणजे हात किती वर गेला, पाठ किती वाकली, यात औषध नव्हते. ते करताना मन कुठे होते, यात ते बऱ्याच अंशी होते.

ही गोष्ट कळून पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी योगोपचाराविषयीची चर्चा आजही आसनांच्या यादीभोवतीच घोटाळते. नैराश्यासाठी ही पाच आसने, रागासाठी तो प्राणायाम, झोपेसाठी अमुक मुद्रा. मोबाइलवर फिरणाऱ्या अशा याद्यांनी दोन प्रकारची माणसे तयार केली आहेत. एकांना वाटते की योग केला की मनाचा कोणताही आजार जातो, गोळ्यांची गरजच नाही. दुसऱ्यांना वाटते की हे सगळे थोतांड आहे. दोघांच्या मधल्या जागेत बरेच गंभीर, मेहनतीचे काम झालेले आहे. त्याचा मोठा भाग मुंबई, लोणावळा, पुणे आणि बंगळुरू या पट्ट्यात घडला. त्या कामाची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू.

सुरुवात वाहियांच्याही आधी, बडोद्यात झाली. जगन्नाथ गणेश गुणे हे राजरत्न माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले, अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलेले गृहस्थ. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले. गुरूंवर त्यांची अढळ श्रद्धा होती आणि श्रद्धेने त्यांना प्रयोगशाळेकडे नेले, हे त्यांचे वेगळेपण. १९२०च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब तयार होतो, असे त्यांना आढळले. त्या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. तोवर ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. प्रकृतीच्या कुरबुरींसाठी गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला.

माधवदासजींचेच दुसरे शिष्य मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र. त्यांनी १९१८च्या नाताळात वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योग इन्स्टिट्यूट उघडले. पुढे ती संस्था सांताक्रूझला गेली आणि आजही तिथे आहे. संन्यासी नसलेल्या, नोकरी-संसार करणाऱ्या माणसाला योग शिकवायचा, हा त्यांचा आग्रह. आज जो योग घराघरांत पोहोचला आहे, त्यामागे या आग्रहाचे मोठे बळ आहे.

कुवलयानंदांनी पुढे डॉ. एस. एल. विणेकर यांच्यासोबत योगोपचारावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते १९६३ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने छापले. मनाच्या आजारांसंबंधी विचार करणाऱ्याने ते आवर्जून वाचावे, कारण त्यात उपचाराची मांडणी आसनापासून सुरू होत नाही. पहिले स्थान आहे योग्य मनोवृत्ती घडवण्याला, म्हणजे यम-नियम आणि मैत्री-करुणेच्या भावनांना. त्यानंतर स्नायू, मज्जासंस्था आणि ग्रंथी यांना ताण सोसण्याजोगे घडवणे येते आणि मग आहार व मलशुद्धी. शरीराची मापे घेण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मनोवृत्तीला अग्रक्रम दिला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

योगसूत्रांतही मनाच्या विक्षेपासोबत येणारी लक्षणे सांगितली आहेत, आणि त्यांतली दोन थेट शारीरिक आहेत: अंगाला सुटणारा कंप आणि विस्कटलेला श्वास. पॅनिकचा झटका आलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या निरीक्षणाची अचूकता लगेच पटेल. मन बिघडले की श्वास बिघडतो, हे एवढे जुने निरीक्षण आहे. योगोपचाराची सगळी भिस्त त्याच्या उलट वाटेवर आहे. श्वास सावरला तर मनाला सावरायला मदत होते का?

होते, आणि कशी होते याचा काही भाग आता समजला आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. उच्छ्वास लांबवला की मेंदूपासून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम अधिक काळ ओढलेला राहतो. मिनिटाला साधारण सहा श्वास या संथ गतीला रक्तदाब आणि ठोके यांचा मेळ उत्तम बसतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवले की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना असो की ‘ओम् मणि पद्मे हुम्’ असो, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप याच गतीला येतो. निम्हान्समध्ये, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, ओंकार म्हणणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली गेली. तुलनेसाठी त्याच माणसांना नुसता ‘स्स्’ असा ध्वनी काढायला सांगितले होते. भावनांशी निगडित भागांची हालचाल ओंकाराच्या वेळी मंदावली, ‘स्स्’ म्हणताना तसे घडले नाही. प्रयोग छोटा होता, पण प्रश्न नेमका विचारलेला होता. बोस्टनमध्ये ख्रिस स्ट्रीटर यांनी १२ आठवडे योग करणाऱ्यांची तुलना तेवढीच ऊर्जा खर्च होईल इतके चालणाऱ्यांशी केली. योग करणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली आणि त्या सुधारणेशी मेंदूतल्या ‘गाबा’ या शामक रसायनाच्या पातळीचा संबंध दिसला.

आता रुग्णांकडे येऊ. इथे आकडे नीट वाचणे फार गरजेचे आहे.

निम्हान्सनेच २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र स्वरूपाच्या नैराश्याने रुग्णालयात दाखल झालेले ४५ जण, पंधरा-पंधराचे तीन गट. एका गटाला विजेचे उपचार, दुसऱ्याला इमिप्रामीन हे औषध, तिसऱ्याला सुदर्शन क्रिया. चार आठवड्यांनी विजेच्या उपचारांच्या गटातले ९३ टक्के, औषधाच्या गटातले ७३ टक्के आणि क्रियेच्या गटातले ६७ टक्के लक्षणांतून मोकळे झाले होते. या आकड्यांचे दोन अर्थ सोबतच घ्यावे लागतात. श्वासावर आधारलेली एक पद्धत इतक्या गंभीर आजारात औषधाच्या जवळपास पोहोचली, ही मोठी गोष्ट. पण सर्वांत पुढे विजेचे उपचारच राहिले, हेही तितकेच खरे. शिवाय गट लहान होते आणि रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर वॉर्डात होते. घरी एकट्याने व्हिडिओ लावून बसलेल्या माणसाला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, २०२० साली प्रसिद्ध झालेले. सततच्या चिंतेचा विकार असलेल्या २२६ प्रौढांना १२ आठवडे तीन वेगवेगळे उपचार दिले गेले: कुंडलिनी योग, बोधात्मक वर्तनोपचार म्हणजे सीबीटी, आणि ताणाविषयीचे शिक्षण. ठळक सुधारणा योगाच्या गटात ५४ टक्क्यांना, सीबीटीच्या गटात ७१ टक्क्यांना आणि नुसत्या शिक्षणाच्या गटात ३३ टक्क्यांना झाली. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा सीबीटीची आघाडी टिकून होती, योगाची टिकली नव्हती. योगावर प्रेम करणाऱ्याने हा निकाल लपवू नये. कॅनडातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनीही सौम्य ते मध्यम नैराश्यात योगाला दुसऱ्या फळीचा पूरक उपचार म्हणून जागा दिली. पूरक, आणि दुसऱ्या फळीतला. ही जागा लहान नाही. औषध चालू असताना उरलेली बेचैनी, झोपेची घडी, शरीरातला आखडलेपणा, स्वतःवरचा उडालेला विश्वास यांवर काम करणारे दुसरे फारसे काही मानसोपचाराच्या हाती नसते.

स्किझोफ्रेनियाचेच पाहा. आवाज ऐकू येणे, संशय येणे ही लक्षणे औषधांनी बहुधा आटोक्यात येतात. मागे उरते ती उदासीनता. माणूस बोलत नाही, घराबाहेर पडत नाही, कशात रस घेत नाही. निम्हान्सच्या गटाने २००७ साली ६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांची औषधे चालूच होती. काहींना योग शिकवला, काहींना साधा शारीरिक व्यायाम. चार महिन्यांनी योगाच्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली होती आणि लोकांत मिसळण्याची, कामे करण्याची क्षमता अधिक सुधारली होती. मुलगा पुन्हा जेवणाच्या ताटावर चार शब्द बोलू लागला, याची किंमत त्याच्या आईला विचारावी.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. १९३७ साली ते डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेतले रुग्णांसाठीचे वर्ग पाहणाऱ्याला पहिल्यांदा दिसतात त्या वस्तू: लोड, घोंगड्या, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या. ज्याच्यात उठून बसायचे त्राण नाही त्यालाही या आधारांवर छाती उघडून निवांत पडता येते. खचलेल्या माणसाची छाती आत जाते, खांदे पुढे येतात, हे अय्यंगारांचे निरीक्षण होते आणि तिथूनच ते काम सुरू करत. २००४ साली कॅलिफोर्नियात सौम्य नैराश्य असलेल्या २८ तरुणांना ही पद्धत पाच आठवडे शिकवली गेली आणि त्यांचे नैराश्य व चिंता कमी झाल्याचे नोंदले गेले. हाही लहानच अभ्यास, पण शरीराचा आकार आणि मनाचा कल यांच्या नात्याकडे बोट दाखवणारा.

आघातातून गेलेल्या माणसांचा विषय वेगळा आणि फार नाजूक आहे. लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, अपघात, पूर, भूकंप यांतून वाचलेल्या माणसाला कित्येकदा स्वतःचे शरीरच धोक्याची जागा वाटू लागते. त्याला डोळे मिटा, शरीर सैल सोडा, असे सांगितले तर मिटल्या डोळ्यांसमोर तोच प्रसंग उभा राहतो. मॅसॅच्युसेट्समधल्या एका आघातोपचार केंद्रात डेव्हिड इमर्सन आणि बेसेल व्हॅन डर कोक यांनी यासाठी योगाची शिकवण्याची रीतच बदलली. कोणालाही स्पर्श करायचा नाही. डोळे उघडे ठेवायला मोकळीक. आज्ञा नाहीत, प्रत्येक सूचना निवडीच्या स्वरूपात, हवे असेल तर हात वर घ्या, नको असेल तर तसेच बसा. २०१४ साली त्यांनी ६४ स्त्रियांवरचा अभ्यास मांडला. या सर्व जणी वर्षानुवर्षे आघाताच्या परिणामांखाली होत्या आणि इतर उपचारांनी त्यांना पुरेसे बरे वाटले नव्हते. १० आठवड्यांनंतर योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर ताणविकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, निकषांत बसेनाशा झाल्या. आरोग्यशिक्षणाच्या तुलनेच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते.

आपल्याकडच्या वर्गांत शिक्षकाचा आवाज चढा असतो. गुडघा ताठ, मान सरळ, अजून खाली! पाठीवर हात ठेवून दाब दिला जातो, आणि तो आपुलकीनेच दिलेला असतो. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण वर्गात बसलेल्यांपैकी कोणाच्या शरीराने काय सोसले आहे, हे शिक्षकाला ठाऊक नसते. म्हणून विचारल्याशिवाय स्पर्श करायचा नाही, हा नियम मनाच्या उपचारासाठी योग शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाळलाच पाहिजे.

मोठ्या आपत्तीनंतर काय करता येते, याचा एक प्रामाणिक दाखला बिहारचा आहे. २००८ साली कोसी नदीने पात्र सोडले आणि लाखो लोक बेघर झाले. महिन्याभराने डॉ. शर्ली टेलिस यांच्या गटाने २२ पूरग्रस्तांसोबत काम केले. निम्म्यांना आठवडाभर रोज तासभर योग, बाकीच्यांना नाही. आठवड्यानंतर योग करणाऱ्यांची उदासी कमी झाली होती. न करणाऱ्यांची चिंता वाढली होती. घर, गुरे, शेत परत आले नाही. मात्र मनाची घसरण थोडी थोपली. आठवडाभराच्या सरावाकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे.

योगाने अपायही होऊ शकतो, हे मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. द्विध्रुवीय विकाराच्या, म्हणजे बायपोलरच्या, उन्मादाकडे झुकलेल्या रुग्णाला भस्त्रिका किंवा वेगाचा कपालभाती देणे धोक्याचे आहे. चढलेले मन आणखी चढू शकते. पॅनिकच्या रुग्णाला जोराच्या श्वसनाने झटक्यासारखीच लक्षणे येतात. भ्रम-भास होणाऱ्या माणसाला तासन् तास मौनात ध्यानाला बसवले तर आजार उफाळून आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. लिथियम घेणाऱ्याने घाम निथळेपर्यंत सराव करून शरीरातले पाणी कमी होऊ दिले तर रक्तातली औषधाची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनी उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येतो. अशा रुग्णाने पुढे वाकून झटकन वर उठले तर भोवळ येऊन तो पडेल. या सगळ्यापेक्षा मोठा धोका एकच, बरे वाटू लागले म्हणून गोळ्या स्वतःच बंद करणे. औषध कमी करायचे ते फक्त डॉक्टरांनी आणि हळूहळू. आत्महत्येचे विचार येत असतील तर चटई अंथरण्याआधी फोन उचलावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे.

म्हणूनच शिकवणारा कोण, हा प्रश्न कळीचा ठरतो. २०० तासांचा अभ्यासक्रम केलेला शिक्षक निरोगी माणसांचा वर्ग उत्तम घेईल. योगोपचारकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उपचारकासाठी त्याखेरीज किमान ८०० तासांच्या प्रशिक्षणाची अट घातली आहे. भारतात आयुष मंत्रालयाखालचे योग प्रमाणन मंडळही शिक्षक आणि उपचारक यांची प्रमाणपत्रे वेगवेगळी देते. चांगला उपचारक पहिल्या भेटीत आसन शिकवायची घाई करत नाही. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते का, डॉक्टर कोण, त्यांच्याशी बोलले तर चालेल का, हे तो आधी विचारतो. शिकवतो तेही थोडेच: पाठीवर पडून पोटाच्या हालचालीकडे लक्ष, उच्छ्वास थोडा लांब, हात वर नेताना श्वास आत, खाली आणताना बाहेर. दहा-पंधरा मिनिटे. खचलेल्या माणसाला एवढेच रोज जमते, आणि रोज जमणे हाच अर्धा उपचार आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातल्या दर दहा प्रौढांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लोक कचरतात, योगवर्गाला जायला कचरत नाहीत. त्यामुळे मनाने हललेला माणूस बहुधा योगशिक्षकापुढेच पहिल्यांदा येऊन बसतो. त्या शिक्षकाला आजाराची चिन्हे ओळखता आली आणि तालुक्याच्या ठिकाणी कोणाकडे पाठवायचे हे ठाऊक असले, तर योगवर्ग हे उपचाराचे पहिले दार ठरू शकते.

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचा विचार या सगळ्यात सर्वांत कमी झाला आहे. मानसिक आजाराचे ओझे घरातल्या कोणी एकाच्या, बहुधा आईच्या किंवा बायकोच्या खांद्यावर वर्षानुवर्षे असते. निम्हान्सने गंभीर मानसिक आजार असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना चार आठवडे योग शिकवून पाहिला. त्यांच्यावरचा भार हलका झाल्याचे आणि जगण्याची प्रत सुधारल्याचे दिसले. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या ओपीडीत नातेवाईक केस पेपर हातात धरून तासन् तास बाकावर बसलेले असतात. त्याच आवारात त्याच वेळेला त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा वर्ग रोज सुरू करता येईल. त्यासाठी एक प्रशिक्षित उपचारक, काही खुर्च्या आणि एक हवेशीर खोली लागेल, आणि वर्गात असताना त्यांचा नंबर जाणार नाही असे सांगणारी नोंदणीच्या खिडकीवरची एक पाटी लागेल.